कामारिन्यासला अडकलेले नऊ दिवस

पहिल्या दिवशी जमीनच हलत होती.
बेकरीच्या रांगेत मी काउंटर धरून उभी,
तर पाव देणारी बाई म्हणाली, बसा जरा,
समुद्र अजून उतरला नाही तुमच्या अंगातून.
खुर्ची दिली.
खुर्चीही हलत होती.

बंदराच्या कचेरीबाहेर, काचेआड, हवामानाचा कागद:
वारा नैऋत्येचा, आठ, रात्री नऊ, लाटा सहा मीटर.
सीत्से तो रोज वाचायचा, दोनदा,
जणू दुसऱ्या वाचनात वारा थोडा पडणार होता.

नऊ मीटरच्या बोटीत दोन माणसं
अकरा महिने कोपराला कोपर न लावता राहतात
ती पुढे जायचं असतं म्हणून.
थांबलं की लगेच कळतं
चमच्यांचा खण कोण आपटतं.
आणि नकाशांच्या खणात ते पत्र होतंच:
हार्लिंगनच्या घराचा भाडेकरू घर विकत मागतोय,
महिनाअखेर सही हवी.
नकाशा काढताना आम्ही दोघंही
ते अलगद बाजूला सारायचो,
झोपलेलं मांजर सारावं तसं.

तेव्हा चालायला निघालो.
डोकं खाली, पाऊस आडवा,
खडकांच्या टोकाशी बुडालेल्या खलाशांची दफनभूमी.
सीत्सेनं टोपी काढली आदरानं,
वाऱ्यानं ती हातातून नेली,
पिवळ्या काटेरी झुडपात अडकवली.
आम्ही हसलो. मग भिंतीपलीकडे बघून गप्प झालो.
मग परतीच्या वाटेवर पुन्हा हसलो,
आणि कितीतरी दिवसांनी त्यानं माझ्या खिशात हात घातला,
स्वतःचा खिसा ओला म्हणून.

चौथ्या दिवशी डोसिंदा भेटली.
खिडकीत मांडीवर लोड, लोडावर टाचण्यांचं रान,
आणि लाकडी काड्यांच्या साठ जोड्या
खडखड खडखड
इकडून तिकडे फेकत ती लेस विणत होती.
मी दारातच थबकले.
आमच्या डोलकाठीवर रात्रभर दोऱ्या आपटतात
अगदी तोच आवाज,
फक्त इथे त्यातून काहीतरी तयार होत होतं.

तिनं विचारलं, घर कुठे?
सीत्सेनं धक्क्याकडे बोट केलं, आमच्या डोलकाठीकडे.
ते नव्हे, ती म्हणाली. अंगण झाडता ते.
तो एकदम टाचण्यांबद्दल विचारू लागला.

अठरा प्रकारच्या गाठी अंधारात मारणारा हा माणूस
डोसिंदाच्या स्टुलावर बसून
उजवी डावीवरून, डावी उजवीखालून
तीन दिवस एकच पान विणत राहिला
आणि ते पानासारखं काही दिसेना.
ती उसवायची. न बोलता.
तिचा मुलगा आयर्लंडच्या खाली, मासेमारीच्या ट्रॉलरवर.
त्याला हवामान कुणी विचारत नाही, ती म्हणाली,
आणि एक टाचणी दातात धरली.
आम्हा दोघांना, हौसेनं समुद्रावर आलेल्यांना,
बघायला जागाच उरली नाही,
म्हणून आम्ही तिच्या हातांकडे बघत राहिलो.

बेकरीवाली आता न सांगताच
मक्याचा अर्धा पाव बांधून ठेवते.
पोस्टातल्या पोरानं सीत्सेला नावानं हाक मारली,
चुकीच्या नावानं,
तरी त्यानं ओ दिली.

नवव्या रात्री, चारच्या सुमारास, दोऱ्या गप्प झाल्या.
इतक्या अचानक की मी जागी झाले.
उत्तरेचा वारा, हलका, कोरडा.
याचसाठी तर थांबलो होतो.
शेजारच्या फ्रेंच बोटीवर दिवा लागला,
इंजिन खोकललं,
कुणी ओले दोर डेकवर टाकत होतं.

सीत्से श्वास घेत होता, मोजून, एकसारखा.
झोपलेल्या माणसाचा श्वास इतका नीटनेटका नसतो.
मीही माझा तसाच चालू ठेवला.
दहा वाजता त्याला पानाचं देठ शिकायचं होतं.
पत्र खणात होतं.
आमचा बिछाना पायाकडे निमुळता होत जातो,
तिथे काही लपवता येत नाही:
त्याचा अंगठा माझ्या घोट्याला लागला
आणि तो
टक्क जागा होता.